पंख्याच्या पानाची गोष्ट : पनवेलचा ताड आणि कुंडीतला पाहुणा

एप्रिल-मे महिन्यांत पनवेलच्या रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायका ताडगोळे विकतात. गावाबाहेरच्या रोपवाटिकांत काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हिरवागार पंखा उघडून उभे असलेले एक रोप 'फॅन पाम' या नावाने विकले जाते. टोपलीतले फळ ज्या झाडाचे आणि पिशवीतले रोप ज्या झाडाचे, ती दोन्ही झाडे एकाच कुळातली, किंबहुना एकाच उपकुळातली आहेत. एकाला आपण घरात आणून जपतो; दुसऱ्याची आठवण वर्षातून दोन महिने येते. या वागणुकीमागे महसुलाचा, कायद्याचा आणि बागकामाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी. शेवटी कुंडीतल्या रोपाची निगा कशी राखावी तेही येईल, कारण ते या इतिहासातूनच उलगडते.

आधी नावे नीट करून घेऊ. कोकणात ज्यांना ढोबळपणे 'ताडामाडाची झाडे' म्हणतात ती मुख्यतः चार : माड म्हणजे नारळ, ताड, शिंदी आणि भेर्ली माड. माडाची आणि शिंदीची पाने पिसासारखी, भेर्ली माडाची माशाच्या शेपटीसारखी. पंख्यासारखे गोल, चुणीदार पान एकट्या ताडाचे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली प्रसिद्ध झाले. पनवेल त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. त्या ग्रंथात हे चारही वृक्ष मोहाच्या जोडीने 'मद्य देणारी झाडे' म्हणून एकत्र येतात. सरकारी नजरेत झाडाची ओळख पानावरून ठरत नसे, रसावरून ठरे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

(जाता जाता : आजचे वनस्पतिशास्त्र शिंदीला माडापेक्षा ताडाच्या अधिक जवळची मानते. पान पिसासारखे असूनही! दिसण्यावरून नाते लावण्याची आपली सवय इथे फसते.)

सरकारी नजरेच्या कितीतरी आधी या झाडाची ओळख पानावरूनच होती. संस्कृतात पंख्याला एक शब्द आहे 'तालवृंत'. ताल म्हणजे ताड, वृंत म्हणजे देठ. देठासकट कापलेले ताडाचे पान, कडेने छाटून गोल केले की झाला पंखा. पुढे कमळाच्या पानाने वारा घातला तरी त्या पानाला तालवृंत म्हणू लागले, इतका तो शब्द रुळला. इंग्रज साहेबांच्या कचेरीत छताला टांगलेला आणि दोरीने ओढायचा 'पंखा' हा फार नंतरचा. मुळातला पंखा हातातला, ताडाच्या पानाचा.

बलरामाच्या ध्वजावर ताड आहे, म्हणून तो तालध्वज. धेनुकासुराचा वध त्याने केला तोही तालवनात. या कथा पुराणातल्या म्हणून बाजूला ठेवल्या, तरी दगड बोलतो. विदिशेजवळच्या बेसनगरला ताडाच्या पानांचा झुबका कोरलेले एक प्राचीन स्तंभशीर्ष सापडले आहे. अभ्यासक त्याचा संबंध संकर्षणाच्या, म्हणजे बलरामाच्या, उपासनेशी जोडतात. ग्रीक राजदूत हेलिओडोरसाचा गरुडस्तंभ याच गावातला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला गरुडस्तंभ ठाऊक असतो, ताडाचे शीर्ष मात्र क्वचितच.

आता सतराव्या शतकात येऊ, कारण या झाडाला जगाच्या वनस्पतिशास्त्रात नाव मिळाले त्या प्रकरणात तीन कोकणी माणसे आहेत. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीचा अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला : 'हॉर्टस मलबारिकस', बारा खंड, ॲमस्टरडॅम, १६७८ ते १६९३. त्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी वैद्य होते. एप्रिल १६७५ मध्ये त्यांनी लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. त्या ग्रंथातल्या चित्रांवरही झाडांची नावे इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरलेली दिसतात. ॲमस्टरडॅममध्ये नागरी अक्षरे कागदावर उमटत होती तेव्हा शिवाजी महाराज हयात होते.

या ग्रंथात ताड आहे आणि त्याचा थोरला भाऊ श्रीताळही आहे. श्रीताळ म्हणजे प्रचंड पानांचा, आयुष्यात एकदाच फुलून मरणारा वृक्ष. कार्ल लिनियसने १७५३ साली वनस्पतींची द्विनाम पद्धत रूढ केली तेव्हा त्याने यांची नावे ठेवली : ताड झाला 'बोरॅसस फ्लॅबेलिफर', श्रीताळ झाला 'कोरिफा अंब्रॅक्युलिफेरा'. लॅटिनमध्ये पहिल्याचा अर्थ पंखा धारण करणारा, दुसऱ्याचा छत्री धारण करणारा. युरोपातल्या माणसाने झाड पाहिले आणि त्यालाही आधी पंखाच दिसला. तालवृंत आणि फ्लॅबेलिफर हे दोन शब्द एकमेकांना कधी भेटले नसतील, पण एकच गोष्ट सांगतात.

ही पाने लेखनासाठीही वापरली गेली. पाने उकळायची, वाळवायची, घोटायची, एका मापात कापायची, भोक पाडून दोरीत ओवायची. श्रीताळाचे पान मऊ आणि लवचिक, म्हणून लेखनाला अधिक चांगले. ताडाचे जाड आणि राठ. दक्षिणेत लोखंडी लेखणीने अक्षर कोरून त्यात काजळी भरत, उत्तरेत बहुधा शाईने लिहीत. पुढे कागद आला आणि ताडपत्र पोथ्यांच्या संग्रहांत जाऊन बसले. मराठीत शब्द तेवढा उरला. पावसाळ्यात पनवेलच्या बाल्कन्यांवर जे निळे प्लास्टिक बांधले जाते त्याला आपण 'ताडपत्री' म्हणतो. त्या शब्दाचे इंग्रजी टारपॉलिनशी साम्य कुणालाही दिसेल, पण मराठी कानाला त्यात पाऊस अडवणारे ताडाचे पानच ऐकू येते.

आता रसाकडे. ताडाचा फुलोरा छेवला, म्हणजे त्याला धारदार कोयतीने रोज पातळ काप देत गेले, की गोड रस पाझरतो. पहाटे उतरवला तर ती नीरा, उन्हात आंबली की ताडी. इंग्रजीतला 'टॉडी' हा शब्द या ताडीवरून गेला. पुढे स्कॉटलंडमध्ये गरम पाण्यात व्हिस्की घालून केलेल्या पेयाला तेच नाव मिळाले. मुंबईचे इंग्रज ताडाच्या झाडाला मात्र 'ब्रॅब' म्हणत. हा पोर्तुगीज 'ब्राव्हा'चा अपभ्रंश, अर्थ रानटी. नारळ हा लावलेला, म्हणून सभ्य. ताड आपोआप उगवलेला, म्हणून रानटी. एका विशेषणात केवढा दृष्टिकोन मावतो पाहा.

छेवण्याचे काम प्रामुख्याने भंडारी समाजाचे. हा समाज केवळ ताडी काढणारा म्हणून ओळखणे अन्यायाचे होईल. सतराव्या शतकात गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियरने मुंबईच्या रक्षणासाठी उभारलेले दल भंडारी मिलिशिया म्हणूनच इतिहासात नोंदले गेले. पण इथे मला त्यांच्या कौशल्याकडे लक्ष वेधायचे आहे. ताडाला खोडाच्या टोकावर एकच वाढबिंदू असतो. त्याला फांद्या नाहीत. आंब्याचा शेंडा छाटला तर बाजूने धुमारे फुटतात. ताडाचा गाभा कापला तर झाड मेले. खोडाला एकदा घाव बसला की तो कधी भरून येत नाही, कारण आंब्या-वडासारखी खोडाची नवी वलये ताडात तयारच होत नाहीत. म्हणजे छेवणाऱ्याला अचूक ठाऊक हवे, कापायचा तो फुलोरा, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर असलेला गाभा कधीही नाही. ऐंशी-नव्वद फुटांवर, कंबरेला दोर बांधून, रोज. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते आणि त्यावर एका झाडाचे शंभरेक वर्षांचे आयुष्य अवलंबून होते.

मग आले १८७८ साल. या एका वर्षाने उत्तर कोकणातल्या माणसाचे झाडांशी असलेले नाते बदलले. त्याच वर्षी भारतीय वन कायदा आला आणि त्याच वर्षी मुंबई अबकारी कायदा. 'अबकारी'त फारसी आब आहे, म्हणजे पाणी. पाण्यावरचा कर म्हणा हवे तर! या कायद्यामागे चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी होता. धोरण साधे : ठराविक ठिकाणच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मोहाच्या दारूवर सरकारला मोजून कर घेता येतो, गावोगावच्या हजारो झाडांतून पाझरणाऱ्या ताडीवर तो घेणे अवघड. म्हणून ताडी महाग आणि अवघड करायची, की पिणारा आपोआप सरकारी दारूकडे वळेल. उरणच्या भट्ट्या, बहुतेक पारशी मालकांच्या, तेव्हा प्रसिद्ध होत्या, आणि उरण पनवेलच्या शेजारी.

छेवण्याला परवाना लागू झाला. छेवल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर बसला आणि तो वाढत गेला. परसातले, बांधावरचे झाड, ज्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिले नव्हते, ते एका रात्रीत महसुली नोंदीत गेले. अर्ज गेले, तक्रारी झाल्या. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही स्वतंत्र कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत परवान्याशिवाय मोहाची फुले बाळगणे गुन्हा ठरला. झाडाखाली पडलेले फूल उचलणे हाही अपराध! ठाणे-कुलाब्यातल्या जंगलविषयक तक्रारी तर इतक्या वाढल्या होत्या की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे बंड १८७९ चे. त्यांच्या बंडाचे कारण दुष्काळ आणि राज्यकर्त्यांची अनास्था. ताडीशी त्याचा संबंध जोडणे ओढाताण होईल, आणि मी ती करणार नाही. पण त्या काळचे वातावरण समजून घेताना हे दोन कायदे समोर ठेवलेच पाहिजेत. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्याची मुळे १८७८ च्या वन कायद्यापर्यंत जातात.

राष्ट्रीय चळवळीने ताडावर वेगळाच आघात केला. मद्यपानाला विरोध म्हणून १९३० मध्ये गुजरातेत सुरत भागात स्वयंसेवकांनी ताडी देणारी झाडे, मुख्यतः शिंदी, तोडली. त्याच गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा पुरस्कार केला : रस आंबू देऊ नका, गूळ करा. एकाच चळवळीच्या एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात गुळाची कढई. मला यात दांभिकपणा दिसत नाही. एका झाडाचे काय करावे हे न सुचलेल्या देशाची ती धडपड होती.

स्वातंत्र्यानंतर १८७८ चा कायदा गेला आणि त्याच्या जागी १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्या इंग्रजी मजकुरात ताडीची व्याख्या देताना 'ब्रॅब' हा शब्द तसाच आहे. पोर्तुगीज गेले, इंग्रज गेले, तरी ताड रानटीच राहिला! नीरेला वाट मिळाली. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरची नीरेची दुकाने तिचीच खूण. पण छेवणाऱ्यांची पुढची पिढी शहरात नोकरीला गेली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल वसले. बांधावरच्या ताडाला बांधच राहिला नाही.

आणि नेमक्या याच नव्या शहरातल्या घरांत कुंडीतला फॅन पाम आला. तो कुठून?

'फॅन पाम' ही एक जात नाही. पनवेलच्या रोपवाटिकेत या नावाखाली तीन-चार वेगळी झाडे मिळतात. सर्वांत जास्त दिसतो तो चायनीज फॅन पाम, शास्त्रीय नाव 'लिव्हिस्टोना चायनेन्सिस'. ही जात दक्षिण जपान, तैवान आणि दक्षिण चीन या भागातली. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातले शिनह्वी हे गाव या झाडाच्या पानांच्या पंख्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. म्हणजे तिकडचा तालवृंतच. लिव्हिस्टोना हे नाव रॉबर्ट ब्राऊन याने १८१० साली ठेवले, स्कॉटलंडमधल्या लिव्हिंगस्टनच्या पॅट्रिक मरे या सरदाराच्या स्मरणार्थ. या सरदाराच्या संग्रहातल्या झाडांतून १६७० मध्ये एडिंबरोची वनस्पतिबाग उभी राहिली. तुमच्या बाल्कनीत अशी एका स्कॉटिश जहागिरीची आठवण उभी असते. याच मालिकेतला दुसरा पंखा-ताड 'वॉशिंग्टोनिया', तो अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाच्या नावाने. आपला ताड मात्र कोणाच्या नावाने नाही, पंख्याच्या नावाने आहे. मला तेच बरे वाटते.

उष्ण प्रदेशातली झाडे जगभर हलवणे एकोणिसाव्या शतकात सोपे झाले ते एका काचेच्या पेटीमुळे. लंडनचा डॉक्टर नथानिएल वॉर्ड याला १८२९ च्या सुमारास दिसले की बंद काचेच्या बाटलीत, ओल्या मातीत, रोपे पाण्यावाचून दीर्घकाळ तगतात : वाफ वर जाते, काचेवर जमते, पुन्हा मातीत उतरते. १८३३ मध्ये त्याने अशा पेट्यांतून लंडनहून सिडनीला झाडे पाठवली आणि ती जिवंत पोहोचली. त्याआधी जहाजावरच्या खाऱ्या वाऱ्यात बहुतेक रोपे मरत. या पेटीने चहा हलवला, सिंकोना हलवला, आणि शोभेचे पामही हलवले. लंडनजवळच्या क्यू बागेत १८४४ ते १८४८ या काळात लोखंड-काचेचे पामगृह उभे राहिले. मग ज्याला ते परवडत नाही त्याने बैठकीत एक पाम ठेवायचा, अशी चाल पडली.

ती चाल मुंबईतही आली. भायखळ्याची राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. परदेशी पाम तिथे, मग बंगल्यांच्या अंगणात, मग हॉटेलांच्या दारात, आणि शेवटी आपल्या सोसायटीच्या जिन्यात. गंमत पाहा : इंग्रजाला लंडनच्या थंडीत उष्ण कटिबंधाची आठवण म्हणून पाम घरात हवा होता. आपण उष्ण कटिबंधातच राहतो, दारात ताड होता, आणि तरीही आपण पाम घरात आणला तो त्याच्या चालीने.

हे लिहिताना कुंडीतल्या रोपाला कमी लेखण्याचा हेतू नाही. ते आता घरचे आहे, त्याची निगा राखलीच पाहिजे. आणि इथेच छेवणाऱ्याचे ज्ञान कामाला येते, कारण शरीररचना तीच आहे.

लिव्हिस्टोनालाही एकच वाढबिंदू असतो. मधून निघणारा मिटलेल्या पंख्यासारखा टोकदार कोंब हा त्याचा प्राण. तो ओढू नये, मोडू नये, 'झाड भरदार व्हावे' म्हणून छाटू तर मुळीच नये. कापायचे ते फक्त सर्वांत खालचे, पूर्ण वाळलेले पान. पिवळे पडू लागलेले पान लगेच काढू नका. झाड त्यातले पोषण परत ओढून घेत असते. देठांना वाकडे काटे असतात, तेव्हा जुना सुती हातमोजा घाला, आणि घरात रांगणारे मूल असेल तर कुंडी त्याच्या वाटेपासून दूर ठेवा.

दुसरी गोष्ट धीराची. ही झाडे आधी जाडी कमावतात, मग उंची. जमिनीलगत खोडाचा पूर्ण घेर तयार होईपर्यंत ती वर चढत नाहीत. तीन वर्षे कुंडीत रोप 'तसेच' दिसले तर त्याला काही झालेले नाही. घाबरून खताचा मारा केला की पानांची टोके करपतात. नळाच्या पाण्यातले क्षार साचले तरी टोके तपकिरी होतात. वर्षातून एकदा पावसाच्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन निघाली की ते क्षार उतरतात, आणि पनवेलला याची कमतरता नाही : इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो.

तोच पाऊस रोप मारूही शकतो. कुंडीखाली ताटली ठेवून जुलैभर ती भरलेली राहू दिली की मुळे कुजतात. पावसाळ्यात ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, खालचे भोक मोकळे आहे ना ते काडी घालून पाहा. मातीत शेणखताबरोबर जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि नारळाचा भुसा असावा. नुसती पनवेलची चिकट काळी माती कुंडीत दगड होते. इतर ऋतूंत मातीत बोट दोन पेरे खुपसावे. कोरडे लागले तर पाणी, ओले लागले तर उद्या पाहू. कोवळ्या रोपाला सकाळचे ऊन मानवते, मे महिन्यातले दुपारचे नाही. कुंडी बदलायची ती मुळे खालून बाहेर डोकावू लागली तरच, मातीचा गोळा न फोडता, आणि पावसाच्या सुरुवातीला.

वातानुकूलित खोलीत पानांच्या खालच्या बाजूला बारीक कोळी लागतो, पान फिकट ठिपक्यांचे दिसते. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसणे हा त्यावर पहिला उपाय. देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन काढावा. आणि हे आधीच सांगितलेले बरे : लिव्हिस्टोना पुढे दीड-दोन मीटर रुंद पसरतो. दोन माणसे जेमतेम उभी राहतील अशा बाल्कनीसाठी 'ऱ्हापिस' निवडा. तोही पंख्याच्याच पानाचा, पण बारीक, बेटाने वाढणारा, कमी उजेडात तगणारा. त्याचे एक खोड कापले तरी बेट जिवंत राहते, कारण तिथे प्राण अनेक असतात.

मग ताडच घरात का लावू नये? हा प्रश्न तुम्ही विचारणार हे ठाऊक होते. उत्तर त्याच्या रुजण्यात आहे. ताडाचे बी रुजताना आधी वर येत नाही. बियातून एक जाड नळी निघते आणि ती सरळ खाली, मीटरभरसुद्धा, जमिनीत उतरते. रोपाचा कोंब तिच्या टोकाशी, खोल मातीत असतो. पहिले पान वर दिसायला कित्येक महिने लागतात. वणवा, गुरे, उन्हाळा यांपासून वाचण्याची ही युक्ती कुंडीत मात्र घात करते. तळ लागला की नळी वळते, आणि उपटून दुसरीकडे लावले तर रोप सहसा जगत नाही. ताडाला जमीनच हवी.

ताडाची पाने कुंडीतल्या पाहुण्यापेक्षा आणखी एका अर्थाने वेगळी आहेत. ताडपाकोळी नावाचा लहानसा, काळपट पक्षी आपल्या लाळेने पिसे चिकटवून ताडाच्या लोंबत्या पानाच्या खालच्या बाजूला घरटे करतो. सुगरणही ताडाला घरटी टांगते. बाल्कनीतल्या फॅन पामवर मी यांपैकी कुणाला येताना पाहिलेले नाही. तमिळनाडूने ताडाला राज्यवृक्ष मानले आहे, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारने जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ताड तोडण्यास मनाई जाहीर केली. आपल्याकडे १९७५ चा शहरी वृक्षसंरक्षण कायदा आहे. १८५२ ची नगरपालिका असलेले पनवेल २०१६ मध्ये महानगरपालिका झाले, त्यामुळे परवानगी कुणाकडे मागायची हे तरी स्पष्ट आहे.

एखाद्या सोसायटीच्या कुंपणालगत, गटार आणि विजेच्या तारांपासून दूर, दोन-चार हात मोकळी जमीन असेल तर ताड लावता येतो. त्यासाठी एक खुलासा. टोपलीतला ताडगोळा खाऊन उरलेले रुजत नाही. तो मुळात कोवळ्या, अपक्व बियाचा गर असतो. जितके ताडगोळे मे महिन्यात विकले गेले तितकी बिये पिकण्याआधीच संपली. रुजणारे बी हवे तर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदात, झाडाखाली आपोआप पडलेले काळे-तपकिरी, नारिंगी गराचे, गोड वासाचे फळ शोधावे लागते. एका फळात बहुधा तीन बिये. गर काढून, धुऊन, ती कायमच्या जागी बोटभर खोल आडवी पुरायची आणि तिथे खूण म्हणून काठी रोवायची. नाही तर गवत काढणाऱ्याच्या विळ्याखाली पहिले पान जाते.

आणि लावाल तर एक सोडून चार-पाच लावा. ताडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फळ मादीलाच येते, तेही आसपास नर असेल तर, आणि कोणते रोप काय आहे हे पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे साधारण बारा ते वीस वर्षे, कळत नाही.